गोष्टीचं आऊटपुट काय म्हणे!

आज सोसायटीच्या मीटिंगमधून डोकं तापवून घरी आलेय. विषय होता, मेच्या सुट्टीत मुलांसाठी काय करायचं. मी म्हटलं, बिल्डिंगमध्ये एवढे आजी-आजोबा आहेत, संध्याकाळी एकेकाने गच्चीवर गोष्ट सांगावी. तर एक गृहस्थ म्हणतात, "त्यातून मुलांना आऊटपुट काय मिळणार?" आणि ठरलं काय, तर पब्लिक स्पीकिंगचा क्लास. फी भरून. सहा-सहा वर्षांच्या पोरांना!

अहो, ज्याने कधी गोष्ट ऐकलीच नाही तो बोलणार काय, कपाळ?

आमचे बाबा २६ जुलै २००५ ला कुर्ल्याहून ठाण्यापर्यंत चालत आले होते. लोकल बंद, रस्त्यांच्या नद्या झालेल्या. माझी लेक नववीत आहे, एरवी कानातले इअरफोन काढत नाही, पण पाऊस लागला की मागे लागते, "आजोबा, विक्रोळीपासून सांगा." परवा तिने त्यांना पकडलं. "मागच्या वेळी पाणी गुडघ्यापर्यंत होतं, आता छातीपर्यंत कसं आलं?" बाबा शांतपणे म्हणाले, "भांडुपला वाढलं." म्हणजे पोरगी ऐकते, लक्षात ठेवते, ताडून बघते, तोंडावर विचारते. विचारा बरं एखाद्या व्हिडिओला असं काही!

आणि व्हिडिओत सगळं आयतं. भोपळ्यात बसलेली म्हातारी सगळ्या पोरांना एकच दिसते. आमच्या धाकट्याची म्हातारी मॅक्सी घालते आणि गुडघा दुखतो म्हणून भोपळ्यातून जाते. हे त्याचं त्याने ठरवलंय.

हो, जुन्या कहाण्यांत सावत्र आया आणि छळलेल्या सुना फार, मान्य. गाळा की त्या. लोकलमध्ये चेंगरून घरी आलेल्या आईबापांत रात्री त्राण उरत नाही, तेही मान्य. म्हणून तर आजी-आजोबा म्हणत होते मी!

जाऊ दे. लिहिता लिहिता राग जरा उतरला. बाबांच्या गोष्टीत एक बाई आहे. मुलुंडच्या अलीकडे, तळमजल्याच्या खिडकीतून चालणाऱ्यांना चहा देत होती. बाबांना तिचं नाव माहीत नाही. पाण्याचं ते दर वेळी वाढवतात, पण ह्या चहाचं कधीच नाही. तिथे आले की त्यांचा आवाज खाली येतो, आणि एरवी शब्दाशब्दाला अडवणारी पोरगी तेव्हा गप्प राहते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

तर क्लास खुशाल करा. रविवारी सातला बाबा गच्चीवर बसणार आहेत. सतरंजी आमची. मोठे आले तरी चालतील, मोबाइल घरी ठेवून. कमिटीची परवानगी मागितलेली नाही.