यादीत चूक नव्हती

चिवड्याला पातळ पोहे लागतात हे मला माहीत आहे. पंचवीस वर्षांच्या संसारात तेवढं कळलं आहे. तरीही वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी किलोभर जाडे पोहे घेऊन घरी आलो. हातात यादी होती. यादीत ‘पोहे (पातळ) – १ किलो’ असं बायकोच्या ठसठशीत अक्षरात होतं, आणि कंसातल्या शब्दाखाली दोन रेघा होत्या. ती मला ओळखते.

जिना चढताना पिशवी चाचपली आणि घोटाळा लक्षात आला. शहाणा माणूस अशा वेळी मागे फिरतो. मी खिशातलं पेन काढलं, ‘पातळ’ खोडलं, वर ‘जाडे’ लिहिलं आणि बेल वाजवली.

दार मुलीनं उघडलं. ती तत्त्वज्ञानात एम.ए. करते, सुट्टीला घरी आली होती. तिनं यादी हातात घेतली, वेगळी शाई पाहिली आणि तिथेच पायपुसण्यावर बसून हसायला लागली.

“बाबा, अरे हे ॲन्स्कमनं लिहून ठेवलंय!”

एलिझाबेथ ॲन्स्कम ही तत्त्वज्ञ, विट्गेन्श्टाइन या मोठ्या तत्त्वज्ञाची विद्यार्थिनी. तिचं ‘इन्टेन्शन’ हे छोटंसं पुस्तक १९५७ साली आलं, आणि माणूस हेतुपूर्वक काही करतो म्हणजे नेमकं काय करतो, यावरची चर्चा आजही तिथून सुरू होते. बाई सात मुलांची आई होती, त्यामुळे वाणसामानाशी तिची ओळख पुस्तकी नसावी. तिच्या पुस्तकात एक माणूस बायकोनं दिलेली यादी घेऊन बाजारात जातो. मागावर एक गुप्तहेर असतो, तो याच्या पिशवीत काय काय पडतं ते टिपत जातो. सगळं नीट झालं तर दोन्ही कागद शेवटी सारखेच दिसतात. पण गुप्तहेरानं लोणी लिहिलं आणि पिशवीत लोण्याऐवजी वापरतात ते मार्गारिन निघालं, तर चूक कागदावरची. खोडा, दुरुस्त करा. खरेदी करणाऱ्याच्या बाबतीत कागद बरोबर असतो, चुकतो तो माणूस.

“अशा वेळी कुणी यादीच खोडून ‘घ्या, केलं दुरुस्त’ असं म्हणणार नाही, असं ती म्हणते,” मुलगी डोळे पुसत म्हणाली. “बिचारीला तू भेटला नव्हतास.”

एव्हाना स्वयंपाकघरातून प्रश्न आलाच होता. “अहो, काय करून ठेवलंत हे?”

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मी बोट दाखवलं. बोट दाखवून पोहे मागितले. पोहे मागून जाडे पोहे घेतले. आणि जाडे पोहे घेऊन दिवाळीचा चिवडा बुडवला. ॲन्स्कमच्या हिशेबानं ही चार कृत्यं नव्हेत, एकाच कृतीची चार वर्णनं आहेत. त्यातल्या काही वर्णनांखाली ती हेतुपूर्वक आहे, काहींखाली नाही. मी आशेनं म्हणालो, “माझं कृत्य पहिल्या दोन वर्णनांपुरतंच धरावं.” मुलीनं मान हलवली. १९५६ साली ऑक्सफर्डनं अमेरिकेचे माजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांना मानद पदवी द्यायचं ठरवलं तेव्हा ॲन्स्कमनं जाहीर विरोध केला होता. हिरोशिमा-नागासाकीवर अणुबॉम्ब टाकण्याच्या हुकुमाखाली त्यांची नुसती सही होती, ही सबब तिनं चालू दिली नाही. तिथे सहीची डाळ शिजली नाही, तर माझ्या बोटाची काय शिजणार.

मग उलटतपासणी झाली. ॲन्स्कमची कसोटी म्हणजे ‘का?’ हा प्रश्न.

“जाडे का घेतलेस?”

“जाडे घेतोय हे मला ठाऊकच नव्हतं. वाण्यानं ‘कोणते?’ विचारलं, मी ‘नेहमीचे’ म्हणालो.” नेहमीचे म्हणजे रविवारच्या कांदेपोह्यांचे. वाणी बिचारा इमानी.

“ठाऊकच नव्हतं म्हटलंस की ‘का’ हा प्रश्न गळून पडतो. सुटलास.”

मी निःश्वास सोडला, तेवढ्यात बायको मोबाइल घेऊन बाहेर आली. आमचं बँक खातं जोडीचं आहे आणि संदेश तिच्या फोनवर जातात. म्हणजे गुप्तहेर इथेही होताच. त्यात वाण्याला दिलेले पैसे होते, आणि त्याच्या चार मिनिटं आधी शेजारच्या मिठाईवाल्याला गेलेले साठ रुपये.

“हे काय?”

माझी साखर काठावर आहे. डॉक्टरांनी बजावलं आहे, मी स्वतः ते चार नातेवाइकांना तपशिलात ऐकवलं आहे.

“जिलबी का खाल्लीस, बाबा?”

“गरम होती.”

“आता तू कारण दिलंस. म्हणजे कृती हेतुपूर्वक.”

जाणूनबुजून स्वतःच्या भल्याविरुद्ध कुणी वागत नाही, असं सॉक्रेटिसचं म्हणणं. त्याच्या गल्लीत जिलबी तळत नसावेत. ॲरिस्टॉटलनं मात्र अशा माणसाचा नीट विचार केला आहे. गोड ते चाखावं. हे गोड आहे. झालं, हात पुढे. त्या क्षणी त्याला पथ्य माहीत असतं, पण दारू प्यायलेला माणूस एम्पेडोक्लीस या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञ-कवीच्या ओळी म्हणतो तसं, नुसतं तोंडात. ग्रीकांनी याला ‘अक्रासिया’ असं भारदस्त नाव दिलं. आमच्या आजीनं ‘कळतं पण वळत नाही’ म्हणून विषय संपवला असता, आणि पाठीत एक धपाटा घातला असता.

“जाडे पोहे तळून चिवडा होतो की,” मी सहज म्हटल्यासारखं म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, पोह्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याच हातातलं पेन घेऊन तिनं ‘पातळ’वर आणखी एक काट मारली आणि ‘जाडे’ शेजारी स्वतःच्या अक्षरात ‘तळणे’ लिहिलं.

“हे चालतं?” मी मुलीला विचारलं. “मी लिहिलं तर खाडाखोड, आणि तिनं लिहिलं तर?”

“आईनं बेत बदलला, बाबा. तू पुरावा बदलत होतास.”

बायको अजून लिहीतच होती. यादी माझ्या हातात परत आली तेव्हा खाली दोन ओळी वाढल्या होत्या. ‘तेल – १ लिटर’. आणि ‘जिलबी – नाही’. ‘नाही’खाली तीन रेघा.