'मापात पाप' म्हणणाऱ्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काका,

टेबलावर मी तुम्हाला काकाच म्हणत होते, आता इथे एकदम 'सर' म्हणणं जमणार नाही. जेवण उशिरा आलं, रेड वाइन थंड दिली आणि जाड बुडाच्या बाटलीत वाइन कमी देऊन फसवलं, असं तुम्ही आमच्या रेस्टॉरंटबद्दल लिहिलंय. जेवण यायला पाऊण तास लागला त्याबद्दल मनापासून माफी मागते. शनिवारची रात्र होती, आत नवरा एकटा आणि बाहेर मी. काकूंना भूक लागलेली दिसत होती, वाईट वाटलं.

'रेड वाइन कोणी थंड देतं का' असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही घेतलेली बोजोले ही रेड वाइन थंडच देतात हो, आणि फक्त आमच्याकडेच नाही. फ्रान्समधल्या आमच्या लिओं शहराच्या उत्तरेला लागूनच बोजोले हा डोंगराळ भाग आहे. तिथलं द्राक्ष गामे. बरेचदा त्याचे घड न चुरडता, अख्खेच टाकीत भरतात, त्यामुळे वाइनला फळांचा वास भरपूर आणि तुरटपणा कमी. ती १२ ते १४ अंशांवरच खुलते. जुलैच्या उकाड्यात बाहेर ठेवली तर नाकात नुसता अल्कोहोल जातो. तुम्हाला नाशिकची शिराझ आवडते म्हणालात. ती दाट आणि तुरट असते, तिच्यापुढे ही 'पाण्यासारखी' वाटणारच. म्हणून बोजोलेतलीच मोर्गों ही वाइन सुचवली होती, ती जरा भारदस्त असते. दर बघून नको म्हणालात, ते ठीकच.

कॅनेलबरोबर वाइनची मजा आली नाही, हेही खरं असेल. पाइक माशाचा मऊ गोळा आणि त्यावर लोणी घातलेला क्रेफिशचा सॉस, त्याच्यासोबत माकों ही पांढरी वाइन घ्या असं ऑर्डर घेतानाच मी म्हणाले होते. बोजोलेची खरी जोडी रोझेत आणि सोसिसों ही सुकवलेली सॉसेज, डुकराच्या चरबीचे कुरकुरीत ग्रातों, मसुराचं सॅलड यांच्याशी. तोंडात तेलकटपणा आला की या वाइनचा आंबटपणा तो धुऊन काढतो. काकू शाकाहारी, त्यांनी चक्क्यासारखं ताजं चीज घेतलं, वर कांद्याची पात, छोटा कांदा आणि व्हिनेगर घातलेलं. ते पावाला लावून याच वाइनबरोबर आवडीने खाल्लं. ते रिव्ह्यूत कुठे आलं नाही.

आता 'मापात पाप'. हे मात्र लागलं, काका.

जाड बुडाची ती बाटली आम्ही फसवायला बनवून घेतलेली नाही. तिला लिओंमध्ये 'पो' म्हणतात, इथल्या जुन्या खाणावळींत वर्षानुवर्षं तीच टेबलावर येते. तिच्यात ४६ सेंटिलिटर मावतात, सगळीकडे तेवढेच. बूड जाड असतं म्हणून बाटली धक्क्याने कलंडत नाही, आतलं माप मात्र पूर्ण असतं. आमच्याकडे ग्लास १२ सेंटिलिटरचा, ४ युरो. पो १३ युरोंचा. ग्लासच्या दराने तेवढीच वाइन १५ युरोंच्या वर गेली असती. ७५ सेंटिलिटरची बाटली २२ ला आहे, तिचा हिशेब लावलात तरी 'पो'च स्वस्त पडतो. 'चार ग्लासही झाले नाहीत' हे बरोबर आहे, चार ग्लासांना ४८ लागतात. दोन सेंटिलिटर म्हणजे दीड मोठ्या चमच्याहूनही कमी.

तुम्ही बाटली उलटी करून बूड बघत होतात तेव्हा मी स्वतः मापाचं भांडं घेऊन आले होते, तुमच्यासमोर ओतून दाखवते म्हटलं. 'अगं नको, गंमत केली' म्हणालात, वर 'परदेशात मराठी माणसाने धंदा काढला, अभिमान वाटतो' असंही म्हणालात. आणि त्याच रात्री हॉटेलवर जाऊन हे लिहिलंत.

मेन्यूत 'पो'च्या शेजारी ४६ चा आकडा ठळक करायचं बघतो. शनिवारी हाताखाली कोणीतरी ठेवायचंही मनात आहे, जमेल तसं करू.

एक विनंती आहे. पुण्या-मुंबईहून येणारे पुष्कळ लोक इथलं वाचूनच आमच्याकडे टेबल धरतात. उशिराचं राहू द्या, थंड वाइनचंही राहू द्या, दोन स्टारही राहू द्या. ते मापाचं एक वाक्य तेवढं काढता आलं तर बघा. तुमचं बिल मी ठेवलेलं आहे, हवं तर पाठवते.