प्रतिक्रियेला उत्तर: आवाज मेला खरा, पण प्रीअँपने मारला नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचली आणि उत्तर लिहायच्या आधी बास गिटारची मागची प्लेट पुन्हा उघडली. म्हणून इतके दिवस लागले.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन सिंगल कॉइल पिकअपच्या (तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारे भाग) माझ्या पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवाय चालणाऱ्या बासमध्ये मी प्रीअँप, म्हणजे पिकअपचा संकेत सावरून पुढे पाठवणारं बॅटरीवरचं छोटं सर्किट बसवला, त्यावर लेख लिहिला आणि आधीचं-नंतरचं रेकॉर्डिंग दिलं. तुमचं म्हणणं असं की नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये बासचा जीवच गेलाय. फोटोत दिसणारा ब्लेंड पॉट (दोन पिकअपचं मिश्रण ठरवणारा, नॉबखालचा फिरता रोध) चुकीचा आहे. बास-ट्रेबलचे नॉब आणि एकूणच प्रीअँप म्हणजे वाद्याच्या आत्म्यावर घाला. बाहेरच्या पेडलने, म्हणजे पायाशी ठेवायच्या पेटीने हेच काम झालं असतं, त्यासाठी चांगलं वाद्य कोरायला नको होतं. आणि बॅटरी एक दिवस ऐन कार्यक्रमात दगा देणार.

पॉटबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. मी चुकलो. किटमध्ये आलेला ब्लेंड पॉट २५ के चा (२५ किलो-ओहम) होता आणि तो मी तसाच प्रीअँपच्या आधी, थेट पिकअपवर लावला. परवा तो डाख काढून सुटा केला, उलटा धरला, तर पाठीवर स्पष्ट छापलेलं होतं: बी२५के. २५ के चे पॉट असतात ते सक्रिय, म्हणजे बॅटरीवरच्या पिकअपसाठी किंवा प्रीअँपच्या नंतरच्या व्हॉल्यूमसाठी. पॅसिव्ह पिकअपला तो भार झेपत नाही.

का झेपत नाही, हे लेखात यायलाच हवं होतं, म्हणून इथे नीट लिहितो. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे. मल्टिमीटर लावला तर तो आठ-दहा किलो-ओहम दाखवतो आणि आपल्याला वाटतं, एवढाच त्याचा रोध. पण त्या वेढ्यांना इंडक्टन्सही (बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण) असतो, काही हेन्रींचा; हेन्री हे त्याचं माप. वारंवारता वाढते तसा तो जास्त अडवतो. चार हेन्री धरले तर ३००० हर्ट्झला एकटा इंडक्टन्स ७५ किलो-ओहम भरतो. पुढे २५ के चा पॉट असेल तर वरचे स्वर पिकअपमध्येच अडकतात, पॉटपर्यंत फार थोडे पोचतात. हिशोब केला तर साधारण १४०० हर्ट्झपासून उतार सुरू होतो. तारेवर बोट घासल्याचा आवाज, फ्रेटला तार टेकतानाची टणक कड, हे सगळं त्याच्या वरचं.

म्हणजे तुमचे पहिले दोन आक्षेप वेगळे नव्हतेच. दुसऱ्यात पहिल्याचं कारण होतं. तुमच्या कानाने अचूक पकडलं, दोष मात्र प्रीअँपवर गेला. लेखात मी "आवाज गोलसर, उबदार झाला" असं कौतुकाने लिहिलं होतं, ते वाक्य मागे घेतो. तो गोलसरपणा चुकीच्या पॉटचा होता.

आता तिथे ५०० के चा ब्लेंड लावलाय, मधोमध खाच असलेला. त्या खाचेत दोन्ही पिकअप पूर्ण आवाजात येतात. तोच प्रीअँप, त्याच तारा, तीच केबल. पहिल्यांदा ए तारेवर बारावा फ्रेट दाबून सोडला आणि बोट उचलतानाची बारीक चरचर ऐकू आली, तेव्हाच कळलं की गेले तीन महिने ती गायब होती. नवं रेकॉर्डिंग लेखात जोडलंय. जुनंही काढलेलं नाही, चूक कशी ऐकू येते ते कळावं म्हणून.

पेडलच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. बाहेरचा पेडल बासपासून एका केबलने लांब असतो आणि ती केबलच खरी अडचण आहे. केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मीटरला ढोबळमानाने १०० पिकोफॅरड, म्हणजे सहा मीटरला ६००. आता २५० के चा पॅसिव्ह व्हॉल्यूम निम्म्यावर आणा. पॉटचा रोध केबलच्या बाजूने सुमारे ६२ के दिसतो आणि सव्वाचार हजार हर्ट्झच्या आसपास वरचे स्वर गळायला लागतात. आवाज कमी केला की बास बोदा होतो, हा सगळ्यांचा अनुभव आहे, त्यामागे हेच आहे. पेडलपर्यंत पोचेस्तोवर जे गळायचं ते गळून गेलेलं असतं. ट्रेबल वाढवला तर सोबत खरखर वाढते. प्रीअँप बासच्या पोटात असला की पिकअपला केबल दिसतच नाही. पुढचा २५ के चा व्हॉल्यूम निम्म्यावर असला तरी तीच केबल श्रवणकक्षेच्या पार वर, चाळीस हजारांच्या पुढे कापते. माझ्या लेखी प्रीअँपचं पहिलं काम हे. बास-ट्रेबलचे नॉब त्यानंतर.

नॉबबद्दल तुमचा राग मला पटतो. बासचा नॉब १२ डीबीने (डेसिबल) वाढवला म्हणजे व्होल्टेज चौपट, आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर जोरात वाजवलेली ई तार लगेच फाटते. मी स्वतः नॉब मधल्या खाचेतून वर क्वचित नेतो, खाली बऱ्याचदा. पण प्रीअँप म्हणजे वाद्याच्या आत्म्यावर घाला, हे मान्य नाही. फेंडरचा १९५१ चा प्रिसिजन बास पॅसिव्ह आहे आणि थोर आहे. म्युझिक मॅनचा १९७६ चा स्टिंगरे बास आतल्या प्रीअँपसकटच स्टिंगरे आहे, तो काढला तर ओळख पुसली जाईल. दोन्ही अस्सल. आणि तुम्ही तीन मीटरची केबल लावून, व्हॉल्यूम कायम पूर्ण ठेवून वाजवत असाल तर तुमच्या बासला हात लावू नका, तुम्हाला याची गरज नाही.

कोरण्याबद्दल एवढंच: मी लाकूड कोरलेलं नाही. बॅटरी फोममध्ये गुंडाळून मूळच्या खळग्यातच बसली. फोटोतल्या सावलीमुळे तसं वाटलं असेल.

बॅटरीची भीती रास्त आहे. जॅक (केबल खुपसायची जागा) स्टिरिओ लावलाय, बॅटरीचं ऋण टोक त्याच्या मधल्या पट्टीला. साधा मोनो प्लग आत गेला की ती पट्टी ग्राउंडला जोडली जाते आणि प्रीअँप चालू होतो. प्लग काढला की बंद. अल्कलाइन नऊ व्होल्टची बॅटरी साधारण ५०० मिलिअँपिअर-तासांची. सर्किट एक मिलिअँपिअर घेत असेल तर पाचशे तास वाजवणं. पण केबल बासमध्येच खुपसून ठेवली तर तीच बॅटरी तीन आठवड्यांत संपते. बहुतेकांची बॅटरी वाजवण्यात जात नाही, अशी जाते. संपत आली की जोराचे स्वर आधी फाटायला लागतात, ती खूण समजायची.

तरी तुमचं वाचून एक बायपास स्विच टाकलाच. तो ओढला की ब्लेंडमधून थेट जॅक, प्रीअँप आणि व्हॉल्यूम दोन्ही वगळून. व्हॉल्यूमही मुद्दाम वगळला, कारण तो २५ के चा आहे, वाटेत ठेवला असता तर पुन्हा तोच बोदेपणा आला असता. बायपासमध्ये आवाज पूर्णच राहतो, कमी-जास्त अँपवर करावा लागतो. पण बॅटरी गेली तरी गाणं थांबणार नाही.

लेखातली वायरिंगची आकृती दुरुस्त केली आहे. आधीची पाहून कुणी पॅसिव्ह पिकअपवर २५ के चा ब्लेंड लावला असेल तर तेवढा एक पॉट बदला, बाकी काही सोडवायला नको. तुम्ही मात्र नवं रेकॉर्डिंग ऐकून नक्की कळवा. त्यात शेवटचा तुकडा बायपासवर वाजवलाय, तो आणि आधीचा यांत तुमच्या कानाला किती फरक वाटतो ते मला हवंय.