क्षेत्र म्हणजे उद्योग नव्हे
रुग्णालयं एकमेकांसारखी का होतात, यावरच्या तुमच्या लेखात ‘संघटनात्मक क्षेत्र’ म्हणजे एकाच धंद्यातल्या संस्था असं धरलंय, घोळ तिथेच आहे. समाजशास्त्रज्ञ डिमॅजिओ आणि पॉवेल यांच्या १९८३ च्या व्याख्येत पुरवठादार, ग्राहक आणि नियामकही येतात. रुग्णालयांचं क्षेत्र आखताना विमा कंपन्या, परवाना देणारी मंडळं, डॉक्टरांच्या संघटनाही धरा. नुसती रुग्णालयं मोजलीत तर सगळीकडे तोच डिस्चार्ज फॉर्म का, हे कळणारच नाही. आणि सारखेपणा दिसला की लगेच ‘नक्कल’ म्हणायची घाई नको (ही चूक फार होते). कायद्याची सक्ती असू शकते, किंवा एकाच साच्यातलं व्यावसायिक शिक्षण. प्रत्यक्षात नक्कल, सक्ती आणि शिक्षण ही तिन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. निदान तो डिस्चार्ज फॉर्म सक्तीच्या नियमाच्या आधी आला की नंतर, एवढी तारीख तरी तपासा.