नानांचं रीडिंग

आमच्या घरी सध्या मशिनी सात आणि म्हातारी माणसं दोन. हा हिशोब माझा नाही, नानांचा आहे. नाना म्हणजे माझे सासरे, वय ८३, विजेच्या खात्यात मीटर रीडिंगला लागले आणि बिलिंगमधून रिटायर झाले, म्हणजे आख्खी नोकरी दुसऱ्याच्या भिंतीवरचा आकडा वहीत उतरवण्यात गेली, आणि आता येईल त्याला सांगतात, "या वयात लोक माझंच रीडिंग घेऊन राहिलेत."

हे सगळं केलं भाऊजींनी. माझे धाकटे दीर, टोरंटोला असतात. गेल्या दिवाळीला आले तेव्हा बॅगेत चॉकलेटं कमी आणि खोकी जास्त. बीपीचं मशीन, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं चिमटं, आईंना, म्हणजे सासूबाईंना, घड्याळ, नानांच्या दंडाला चिकटवायचं साखरेचं सेन्सर, गोळ्यांचा बोलणारा डबा, अजून काय काय. वर मला म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काहीच करायचं नाही, सगळं ऑटोमॅटिक आहे." आता सून म्हणून जिची २६ वर्षं झालीत तिला "तुला काहीच करायचं नाही" ह्याचा अर्थ नीट माहीत असतो, लग्नकार्यात हे वाक्य ऐकलं की मी पदर खोचायला घेते. भाऊजी सगळ्यांच्या मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकून उडून गेले. तेव्हापासून नानांची साखर टोरंटोत दिसते, आईंची पावलं टोरंटोत मोजली जातात, आणि इकडे इंदूरला रामबागेत त्या सगळ्यांना चार्जिंगला लावायचं काम माझं.

बीपीचंच घ्या. पुस्तिकेत लिहिलंय की आधी अर्धा तास चहा नको, मग पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या लेव्हलला, पट्टा उघड्या दंडावर, आणि मोजताना बोलायचं नाही. लिहिणाऱ्याने आमच्या आई पाहिलेल्या नाहीत. पाच मिनिटं न बोलता आई मी फक्त एकदा पाहिल्यात, दाढ काढली होती त्या दिवशी. पट्टा फुगायला लागला की आईंना आठवतं की दूध गॅसवर आहे, तेवढ्यात कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते, आई बसल्या जागेवरून ओरडतात, "अगं ओला-सुका वेगळा केला का," आणि मशीन दाखवतं १६८. मग आई म्हणतात मशीन खोटं आहे. परत घेतलं, गप्प बसवून, तर १३४. तर म्हणे "बघ, आता घाबरून खरं बोललं."

नानांचं उलट. ते स्वतः घेतात, स्वतः वहीत लिहितात, तारीख, वेळ, सही सुद्धा. मी एकदा वही चाळली तर सलग बावीस दिवस १३०/८०. एक पॉइंट इकडे नाही का तिकडे नाही. विचारलं तर शांतपणे म्हणाले, "थंडीत स्वेटर कोण काढेल. घर बंद असलं की अ‍ॅव्हरेज रीडिंग टाकतात, रूल आहे तसा."

बरं, मशीनची खबर गल्लीत पसरली. समोरचे अंकल रोज संध्याकाळी, "भिया, जरा अपना भी देख लो," मग त्यांच्या मिसेस, मग दूधवाला, मग अंकलच्या मिसेसच्या बहिणी ज्या उज्जैनहून आल्या होत्या. मी पोह्यांवर शेव घालून देत होते आणि नाना पट्टे बांधत होते, दोघांनाही बरं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन, आवाज कापरा. "वहिनी, नानांचं बीपी पाच मिनिटांत ११० वरून १८८? आणि मग परत १४२? हॉस्पिटलला न्या आत्ताच्या आत्ता!" नाना समोर खुर्चीत बसून सेव-परमलचे, म्हणजे शेव-मुरमुऱ्यांचे, फक्के मारत होते. नंतर कळलं की मशीन सगळ्यांचे आकडे नानांच्याच नावावर धाडत होतं, म्हणजे १८८ हे समोरचे अंकल. त्यांना आम्ही दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे पाठवलं, गोळी सुरू झाली. तेवढं एक काम टोरंटोहून झालं हे कबूल करायला पाहिजे.

आईंच्या घड्याळात अशी सोय की माणूस पडला तर त्याला आपोआप कळतं आणि ते फोन लावतं. पडल्यावर दणका बसतो, मग माणूस हलत नाही, असं काहीतरी ते हेरतं म्हणे. आता आई शेंगदाण्याचं कूट खलबत्त्यात करतात, मिक्सरचं त्यांना चालत नाही, तेल सुटतं. तर त्यांनी घड्याळाच्या हाताने सात-आठ दणके घातले आणि दमून जरा भिंतीला टेकल्या. झालं. मनगटावर सायरन, टोरंटोत सायरन, माझ्या मोबाईलवर सायरन, आणि आई बत्ता हातात धरून घड्याळाला विचारतायत, "काय झालं गं तुला?" आणि ज्या दिवशी त्या खरंच मोरीत घसरल्या, नशिबाने फक्त मुका मार लागला, त्या दिवशी घड्याळ कुठे होतं? देवघरात, डबीत. "एवढं महागाचं, पाण्यात कशाला न्यायचं?"

पण खरी गंमत साखरेची आहे. ते सेन्सर रुपयाएवढं, दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवतात, आत केसाएवढी तार असते, चौदा दिवस चालतं. बोटाला सुई टोचायची कटकट कमी होते. नाना इन्सुलिनवर असल्यामुळे साखर एकदम उतरण्याची भीती असते, म्हणून ५५ च्या खाली गेली की ते बोंबलतं, इकडेही आणि टोरंटोतही.

पहिल्यांदा बोंबललं तेव्हा डिसेंबरची थंडी, रात्रीचे दोन. आमच्याकडे दोन म्हणजे भाऊजींकडे दुपारचे साडेतीन, ते ऑफिसात टक्क जागे. अलार्म आणि फोन एकदमच. "वहिनी, ५१! साखर द्या, साखर!" मी अंधारात धडपडत गेले, आमचे हे रजाईतूनच "काय झालं, काय झालं" करून परत घोरायला लागले, ग्लुकोजचा डबा सापडेना, फ्रीजमध्ये सकाळच्या जिलब्या होत्या, रविवार होता, पोहे-जिलेबी झाली होती. नानांना उठवलं, दोन भरवल्या. नाना काहीही न विचारता शहाण्यासारखे खाऊन झोपले. तीन वाजता परत फोन. "वहिनी, २४०! काय दिलंत काय?"

मग हे सुरूच झालं. तीन रात्री ठीक, चौथ्या रात्री अलार्म. डॉक्टरना व्हिडिओ कॉल लावला, नानांनी त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला, खाली पट्ट्यांचा पायजमा. डॉक्टर म्हणाले, "जिस हाथ में लगा है उसी करवट सोते हैं क्या?" तर ते सेन्सर रक्तातली साखर बघतच नाही, कातडीखाली जे पाणी असतं त्यातली बघतं, आणि दंड अंगाखाली दाबला की तिथलं वाहणं कमी होतं आणि आकडा खोटाच खाली पडतो. अलार्म झाला की आधी बोटातून रक्त घेऊन तपासा, खरंच कमी असेल तर तीन चमचे साखर पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा. जिलेबी बिलकुल नाही, तुपामुळे ती उशिरा चढते आणि मग चढतच राहते. नाना सगळं लक्ष देऊन ऐकत होते. फार लक्ष देऊन, हे माझ्या तेव्हा डोक्यात यायला पाहिजे होतं.

पुढच्या अलार्मला मी बोट टोचलं, १३८. सरळ करून झोपवलं. त्याच्या पुढच्याला १४४. एरवी पाठीवर झोपणारे नाना डाव्या कुशीवर कसे, म्हणून चौदा दिवस संपले तेव्हा नवीन सेन्सर उजव्या दंडाला लावलं. चार दिवसांत नाना उजव्या कुशीवर. विचारलं तर म्हणे "कूस बदलली की झोप चांगली लागते."

तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तेच जिथे दुधाचे खाडे लिहिते. अलार्मच्या रात्रींवर खुणा केल्या. रविवारी अलार्म, जिलेबी होती. आमच्या मुलीने मैत्रिणींबरोबर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन मालपुआ बांधून आणला, त्या रात्री अलार्म. संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या, सलग दोन रात्री अलार्म. आणि ज्या आठवड्यात घरात गोड नाही त्या आठवड्यात माणूस पाठीवर, लाकडासारखा सरळ, साखर १२० आणि टोरंटोत शांतता.

मी आईंना हे सांगितलं तर त्या हसून हसून खोकायला लागल्या. म्हणाल्या, "चाळीस वर्षं लोकांनी मीटरला काय काय करून ठेवलेलं त्यांनी पकडलंय. शिकायला काय वेळ लागतो?"

आता म्हणाल की कळलंय ना, मग झोपून राहा. पण ती बाई असते ना फोनमधली, ती किंचाळली की मी उठतेच, कारण एखाद्या दिवशी ती खरं बोलत असेल तर? म्हणून दर वेळी उठायचं, टोचायचं, भाऊजींना "१४० आहे हो" सांगायचं. नानांना मी स्पष्ट बजावलं की यापुढे काहीही झालं तरी मिळालं तर साखरेचं पाणी मिळेल. जिलेबी विसरा. नाना बरं म्हणाले.

काल रात्री पावणेदोन. ४९. मी शाल गुंडाळून गेले. नाना रजाईत, उजव्या कुशीवर, डोळे गच्च मिटलेले. खोलीत पिवळा नाइट लॅम्प. आणि उशाशी स्टुलावर चष्म्याशेजारी धुवून पुसून ठेवलेली एक वाटी आणि चमचा.

आज काय गोड केलं होतं मी? गाजराचा हलवा. हातातल्या फोनवर टोरंटो वाजायला लागलं.