गाणी भरून मिळतील

नव्या गाडीत सीडी घालायला फट नाही, हे बाबांच्या लक्षात गाडी दारात आल्यावर आलं. डॅशबोर्डवरून त्यांनी हात फिरवला आणि माझ्याकडे असं बघितलं की ती फट मीच कुणाला तरी विकून आलोय. "मग गाणं घालायचं कुठून?" मी यूएसबीचं भोक दाखवलं. "यात?" एवढंच म्हणून ते घरात गेले आणि रात्रीपर्यंत गाडीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत.

महिन्याचे पैसे भरून फोनवर गाणी ऐकण्याचा प्रयोग आम्ही आधी करून बसलो होतो. बाबांच्या आवडीची एक मैफल तिथं सापडली. त्यांनी ती रोज ऐकली आणि एका सकाळी ते नाव करडं पडलं. दाबलं तरी वाजेना. "आपण ती विकत घेतली नव्हती, भाड्यानं ऐकत होतो," असं मी समजावायला गेलो. बाबा म्हणाले, "भाडेकरूलासुद्धा एका रात्रीत काढता येत नाही. पुण्यात तर नाहीच नाही." यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

तर बाबांचं भिंतीतलं कपाट पेनड्राइव्हवर आणायचं ठरलं. त्यात लक्ष्मी रोडवर रीतसर पैसे मोजून घेतलेल्या सीडी, विकत घेतलेल्या कॅसेट, आणि मागच्या रांगेत भरून आणलेल्या कॅसेट. हल्लीच्या मुलांना हे सांगावं लागतं, की दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की दोन-चार दिवसांनी ती भरून मिळायची. बाजू संपताना मिनिटभर जागा उरली तर दुकानदार स्वतःच्या पसंतीचं एखादं गाणं टाकून द्यायचा. ते मध्येच तुटायचं. अशी काही गाणी बाबा आजही अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीपर्यंतच गुणगुणतात आणि बरोबर तिथंच थांबतात. पुढचं त्यांना माहीतच नाही.

माझ्या लॅपटॉपलाही सीडीची फट नव्हती. (फटी सगळीकडूनच नाहीशा होतायत.) म्हणून तपकीर गल्लीत गेलो. "सीडी ड्राइव्ह? कशाला?" दुकानदारानं विचारलं. आपल्याकडे वस्तू मागितली की आधी गरज सिद्ध करावी लागते. मी ती केली. "मोबाइलवर ऐका की," असा सल्ला देऊन त्यानं माळ्यावरून धूळ खाल्लेला एक डबा काढला.

सीडीचं काम तसं सोपं असतं. एका मिनिटाला साधारण दहा एमबी, एमपीथ्री केलं की एकच. पण गाण्यांची नावं सीडीवर बहुधा नसतातच. संगणक ती इंटरनेटवरून आणतो, तेही गाणं ऐकून नव्हे, तर गाणी किती आणि कितीकिती लांबीची एवढं बघून. बाबांच्या नाट्यपदांची लांबी कुठल्यातरी परदेशी बँडशी तंतोतंत जुळली. पडद्यावर गिटार घेतलेली चार केसाळ माणसं आली आणि आतून ऑर्गनचे सूर. बाबांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

कॅसेटला मात्र घाई चालत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच घेते. टेपमधून लॅपटॉपमध्ये वायर गेलेली, माइक कुठंच नाही. तरी 'रेकॉर्डिंग चालू आहे' म्हणून बाबांनी घरात जमावबंदी लावली. आई कुकर लावायचा की नाही हे खुणेनं विचारायची. दाराची बेल बंद. मला शिंक आली तर मी गॅलरीत जायचो. वायरीतून शिंक जात नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, पण बाबांच्या चेहऱ्यापुढे ते ज्ञान टिकत नसे.

बेल बंद असल्यामुळेच खालच्या मजल्यावरचे वकीलकाका थेट आत आले. जमिनीच्या दाव्यांत त्यांची हयात गेली, पण विषय आपला नाही म्हणून पुण्यात कुणी मत राखून ठेवत नाही. "प्रती काढताय? कॉपीराइट बघितलात का? जाणूनबुजून हक्कभंग म्हणजे ६ महिने ते ३ वर्षं कैद. दंड ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत."

बाबा ऑडिटमधून निवृत्त झाले. रात्री अकराला मोकळ्या चौकातही ते लाल दिव्याला थांबतात आणि मागच्याच्या शिव्या खातात. त्यांनी टेप बंद केला. बाजू अर्ध्यावर आली होती.

दुसऱ्या दिवशी काका १९५७ चा कायदाच घेऊन आले. कलम ५२. खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी रास्त व्यवहार असेल तर तो हक्कभंग नाही. आम्ही हुश्श केलं. पण ऑडिटरनं आणि वकिलानं मिळून एखादं पान वाचायला घेतलं, की हुश्श फार वेळ राहत नाही. २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत ही सवलत साहित्य, नाटक, संगीत आणि कलाकृतींना होती. ध्वनिमुद्रण त्यात नव्हतंच. कायद्याच्या लेखी एका गाण्याचे तीन तुकडे असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिघांचे मालक तीन असू शकतात. शब्द नि चाल सवलतीत, आणि ती म्हणणारा आवाज बाहेर, अशी ती जुनी व्यवस्था.

"म्हणजे मी नुसती वही वाचायची?"

"आणि तो दुकानदार पैसे घेऊन भरून द्यायचा, ते तर आजही कुठंच बसत नाही," काका म्हणाले. बाबांनी मागच्या रांगेवर टॉवेल टाकला.

मग मुदती निघाल्या. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. बाबांनी तातडीनं जुनी ध्वनिमुद्रणं वेगळ्या खोक्यात भरून वर 'मुक्त' अशी चिठ्ठी डकवली. काकांनी पुढचं वाचलं: शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र कवी-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. चिठ्ठी निघाली आणि बाबा कवींच्या पुण्यतिथ्या शोधायला बसले. आई म्हणाली, गाणी ऐकायची आहेत की सुतक पाळायचंय?

हे सगळं मी सोसलं, कारण २०१२ नंतर ध्वनिमुद्रणही सवलतीत आलं होतं आणि मुळात कायदा आमच्या बाजूनं होता: आपल्या सीडीची आपल्यासाठी प्रत. खरी पंचाईत 'आपल्यासाठी' इथं झाली. आमच्या घरात दात घासायचा ब्रश सोडला तर कुणाचं असं वेगळं काही नसतं. पेनड्राइव्ह भरतोय ही बातमी फुटली आणि आत्याचा फोन आला, "मला पण एक." ताईनं नाशिकहून कळवलं, "बाबांची ती माझीच ना." सोसायटीचे खजिनदार लिफ्टमध्ये म्हणाले, "फार काही नको, भक्तिगीतं तेवढी." सख्खी बहीण वैयक्तिक वापरात येते का? सासरी गेलेली मुलगी? काकांनी पान उलटसुलट केलं. रास्त म्हणजे किती आणि वैयक्तिक म्हणजे कुठपर्यंत, याची मोजपट्टी कायद्यानं दिलेली नाही. प्रकरण बघून कोर्ट ठरवतं. "तोवर आत्याला काय सांगू?" मी विचारलं. काकांनी चहा मागितला.

लंडनच्या आतेभावाकडून परदेशातला दाखला मागवला. तिकडं तर आणखी मजा. स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी प्रत काढायला ब्रिटननं १ ऑक्टोबर २०१४ पासून परवानगी दिली आणि जुलै २०१५ मध्ये तिथल्या हायकोर्टानं ती रद्द केली. संगीतकारांचं नुकसान नगण्य आहे असं म्हणताना सरकारनं पुरेसा पुरावा दिला नव्हता. म्हणजे त्या नऊ-दहा महिन्यांत भावानं आळस केला नसता तर तो निर्धास्त असता. जर्मनीनं १९६५ मध्येच निराळी वाट काढली: लोक घरी प्रती काढणारच, मग रेकॉर्ड करायच्या यंत्रावरच आकार घ्या आणि तो कलावंतांना द्या. मला ही वाट सगळ्यात शहाणपणाची वाटते. बाबांनाही पटली. पण तपकीर गल्लीत जाऊन 'जरा जास्त पैसे घ्या' म्हणायचं कुणी?

एवढ्यात वाचता वाचता काकांना ते सापडलं. त्याच कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणी वाजवायला माफी आहे. आणि लग्नाची वरात नि लग्नानिमित्तचे समारंभही त्यात धरलेले आहेत. म्हणजे कर्वे रोड अडवून, खिडक्यांची तावदानं थरथरवत, नवरदेवाच्या मित्रांनी चालवलेला तो सगळा दणका कॉपीराइटच्या दृष्टीनं सोवळ्यातला. (आवाजाचे नियम वेगळे आणि ते कोण पाळतं तेही वेगळं.) आणि इकडं माझी सत्तरीतली आत्या एका भावगीतासाठी गुन्हेगार होऊ घातलेली.

बाबांनी अखेर निवाडा दिला. प्रत एकच, ती आपल्या घरात राहील. ज्याला ऐकायचं त्यानं इथं येऊन ऐकावं.

आत्या गुरुवारी आली. एकटी नाही, अख्ख्या भजनी मंडळासकट. सतरंजी कमी पडली. काका दारातूनच कुजबुजले, "एवढ्या बायका म्हणजे हे घरगुती राहत नाही हो, सार्वजनिक होतंय." आत्याला वरातीचं कलम आईकडून आधीच कळलेलं होतं.

"धार्मिक असलं की माफी आहे ना? मग आम्ही आधी आरती करतो."

"विधी खराखुरा लागतो, आत्याबाई."

"आमची आरती खोटी आहे का?" तिनं झांजा हातात घेऊन विचारलं. काकांनी आयुष्यात बऱ्याच जमिनी मिळवून दिल्यात, पण ही जागा त्यांनी सोडली.

आता दर गुरुवारी आरती होते, मग नाट्यपदं, मग भावगीतं. काका तबकात दहाची नोट टाकतात आणि कोपऱ्यात बसून मान डोलावतात. प्रसादाचा शिरा आईकडे. त्यात तूप कमी पडलं तर विधी खराखुरा ठरत नाही, असं आत्यानं तिला सांगून ठेवलंय.