नव्या ‘स्टार ट्रेक’वर नाराज व्हायची रीत

सिनेमा पाहून नाराज होणं हे हौशी लोकांचं काम. मुरलेला चाहता पोस्टर पाहून नाराज होतो, त्याहून मुरलेला दिग्दर्शकाचं नाव ऐकून. 2009 च्या मे महिन्यात, अंतराळजहाजावरच्या जुन्या अमेरिकन मालिकेवरून काढलेला, जे. जे. अब्राम्सचा ‘स्टार ट्रेक’ आला तेव्हा ही सोय आयतीच झाली होती. लहानपणी आपण काही स्टार ट्रेकचे चाहते नव्हतो, हे त्या माणसानं स्वतःच सांगून टाकलं होतं. तुम्हाला एवढं पुरे आहे. पानठेल्यावर उभं राहायचं, “ज्याले लहानपणी आवडलंच नाही, थो काय बनवते?” म्हणायचं आणि चुन्याची डबी मागायची. तुम्ही सिनेमा अजून पाहिलेला नाही, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आधी मात्र तुमची ज्येष्ठता सिद्ध झाली पाहिजे. विदर्भातल्या गावात ती एकाच वाटेनं होते: ऐंशीच्या दशकातलं दूरदर्शन, रविवारची सकाळ. मूळ मालिका अमेरिकेत 1966 ते 1969 चालली. तीन हंगाम, अनुक्रमे 29, 26 आणि 24, एकूण 79 भाग. हे आकडे पाठ करा आणि विचारलं नाही तरी सांगा. त्यातले तुम्ही स्वतः किती पाहिले, हा प्रश्न मात्र येऊ द्यायचा नाही. खरं उत्तर अडचणीचं असतं. अख्ख्या वस्तीत एक टीव्ही, तोही ब्लॅक अँड व्हाइट. छतावर लोखंडी पाइपाला बांधलेला अँटेना, त्यातून खाली आलेली चपटी वायर, आणि वर चढलेलं एक पोरगं. “आलं का?” “मुंग्या हायेत.” “आता?” “आवाज आला, चित्र गेलं.” अँटेना एकदाचा जागेवर आला की वांदरं यायची आणि त्याला लोंबकळायची. लाइट गेली तर बारा व्होल्टची बॅटरी होती, पण ती ज्याच्या ट्रॅक्टरची, त्याला मालिकेतल्या वल्कन ग्रहाच्या स्पॉकपेक्षा कपिल देव जवळचा. आणि संवाद पहिल्यापासून शेवटपर्यंत इंग्रजीत.

म्हणजे ज्या कलाकृतीचं पावित्र्य तुम्ही राखणार आहात, तिचे टोकदार कान दिसले होते, तिरक्या भुवया दिसल्या होत्या, आणि कोणीतरी दगडामागे लपून किरण सोडतंय एवढं कळलं होतं. बोलू नका. उलट नेमकं रंगांवर बोला. “मूळ मालिकेतल्या सदऱ्याचा सोनेरी रंग नव्या सिनेमात उतरलाच नाही,” हे वाक्य फार चालतं. कप्तानाचा सोनेरी, विज्ञानवाल्यांचा निळा, इंजिनिअर आणि पहारेकऱ्यांचा लाल. लाल सदऱ्यातला अनोळखी गडी परग्रहावर उतरला की तो बहुतेक परत येत नाही, हा नियमही याच रंगांमुळे प्रसिद्ध झाला. तुम्ही हे तिन्ही रंग राखाडी पाहिलेत, त्यामुळे कोण मरणार याचा तुम्हाला शेवटपर्यंत पत्ता नसायचा. कोणी त्यावरून अडवलंच तर उत्तर तयार ठेवा. कप्तानाचा तो नेहमीचा सदरा मुळात हिरवट कापडाचा होता, दिवे आणि फिल्म यांच्यामुळे पडद्यावर सोनेरी दिसायचा. ज्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता त्यांनीही चुकीचाच रंग पाहिला. तुमच्या राखाडीचा हक्क त्यांच्याइतकाच पक्का.

आता प्रत्यक्ष सिनेमा. वेळ येते तेव्हा पाहावा लागतो, कारण दुसऱ्या फेरीच्या नाराजीला तपशील लागतात. घरी पाहू नका. शेजारी बसलेली पोरं हसली तर तुम्हीही हसाल आणि साक्षीदार तयार होतील. योग्य जागा म्हणजे रब्बीत हरभरा ओलायला गेलेलं शेत. थ्री फेज रात्रीचीच आहे, मोटर सुरू करून जागं राहायचंच आहे. स्प्रिंकलर एका जागी दोन-अडीच तास चालतो आणि सिनेमा 127 मिनिटांचा आहे, म्हणजे एका पाळीत नेमका बसतो. मोबाइल दिवसा चार्ज करून न्या, सिनेमा आधीच उतरवून ठेवा, शेतात रेंज नसते. रुमाल ठेवा. सुरुवातीलाच केल्व्हिन नावाचं जहाज पडतं, कप्तान जहाजासोबत मरतो आणि त्याच क्षणी त्याचं लेकरू जन्मतं. हा भाग चांगला जमला आहे आणि पन्नाशीच्या माणसाच्या डोळ्यात पाणी येऊ शकतं. कोणी विचारलं तर तुरीचं कुटार डोळ्यात गेलं म्हणा. हरभऱ्याच्या शेतातही खपतं, धुरा बाजूलाच असतो.

त्यानंतर मात्र वही काढायची. सगळ्यात भरवशाची चूक जहाजावरच्या चेकोव्ह नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या वयाची आहे, ती गणितानं सिद्ध होते आणि गणितापुढे पानठेला गप्प बसतो. मालिकेच्या दुसऱ्या हंगामात तो आपलं वय 22 सांगतो, तो काळ 2267 धरतात. म्हणजे जन्म 2245. सिनेमातली मुख्य घटना 2258 ची. पोरगं तेरा वर्षांचं हवं, आणि पडद्यावर छाती काढून सतरा सांगतं. बोटं मोडत हिशेब करा, सावकाश करा, ऐकणाऱ्याला शेवटच्या वजाबाकीपर्यंत ताटकळत ठेवा.

दुसरी चूक डेल्टा व्हेगाची. 1966 च्या भागात हा ग्रह आकाशगंगेच्या पार काठावर, ओसाड, तिथे एक माणसाविना चालणारं खनिजाचं ठाणं. सिनेमात तो बर्फाचा झाला आणि इतका जवळ सरकला की तिथे उभा राहून म्हातारा स्पॉक वल्कन ग्रहाचा नाश नुसत्या डोळ्यांनी बघतो. सिरोंच्याची तहसील बुलडाण्याच्या बसस्टँडवरून दिसावी, त्यातला प्रकार. ही चूक खरोखरच ढोबळ आहे आणि सांगताना आवाज चढवायला हरकत नाही.

लाल द्रव्याचा मुद्दा शेतकऱ्यांत जास्त चालतो. त्याचा एक थेंब ग्रहाच्या गाभ्यात सोडला की कृष्णविवर तयार होतं आणि ग्रह गिळला जातो. जहाजात मात्र त्याचा एवढा मोठा गोळा तरंगत ठेवलेला. फवारणी करणारा माणूस लगेच विचारतो, “डोस किती म्हणता? मंग बाकीचं कायले आणलं?” याला सिनेमात उत्तर नाही. ताऱ्याच्या स्फोटानं अख्खी आकाशगंगा धोक्यात आली हेही असंच. सूर्यानंतरचा आपला सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर, तिथे काही फुटलं तरी त्याचा उजेड इथे पोचायला सव्वाचार वर्षं लागतात. तेवढ्यात चार तुरी आणि एक निवडणूक होऊन जाते.

इंजिनाच्या खोलीबद्दल थोडं जपून. ते चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसच्या बिअर कारखान्यात झालं, त्या टाक्या आणि पाइप खरेखुरे आहेत. साधारण पंधरा कोटी डॉलरच्या सिनेमात जहाजाचं काळीज भाड्याच्या बिअर कारखान्यात, याला कंजूषपणा म्हणायचं. जुन्या मालिकेत दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरवून दाखवायला पैसे नव्हते म्हणून माणसं चकाकत अदृश्य व्हायची युक्ती काढली, तिला कल्पकता म्हणायचं. या दोन वाक्यांत किमान अर्धा तास अंतर ठेवा. वर्धा किंवा गडचिरोली जिल्ह्यात असाल तर बिअरचा मुद्दा पोलीस पाटलासमोर काढू नका, दारूबंदी आहे आणि चौकशी उगाच लांबते.

कॅमेऱ्यात सारखा चमकणारा उजेड हाही आवडता मुद्दा. दिग्दर्शकानं ती चूक पुढे स्वतः कबूल केली, त्यामुळे त्यात आता दम उरला नाही. शिवाय मे महिन्यात अकोल्याच्या चौकात उभं राहून “डोळ्यावर उजेड येते” अशी सिनेमाची तक्रार केली तर लोक तुमच्याकडेच बघतात.

काही गोष्टी तोंडातून काढायच्याच नाहीत, कारण त्या जुन्या मालिकेच्या आहेत. 1966 च्या त्याच डेल्टा व्हेगावाल्या भागात कप्तान कर्कच्या नावानं थडगं उभं राहतं, त्यावर मधलं अक्षर ‘आर’ आहे. पुढे आयुष्यभर तो ‘टी’. क्लिंगॉन नावाच्या परग्रही लोकांच्या कपाळावर साठच्या दशकात काही नव्हतं, 1979 च्या सिनेमात एकदम वळ्या आल्या. त्याचं कारण द्यायला निर्मात्यांनी 2005 पर्यंत वेळ घेतला. 1982 च्या सिनेमात खलनायक खान चेकोव्हचा चेहरा ओळखतो, पण खानचा भाग पहिल्या हंगामातला आणि चेकोव्ह आला दुसऱ्यात. आणि भावना न दाखवणारा स्पॉक पहिल्याच नमुना भागात निळ्या पानाला हात लावून चक्क हसतो. कोणी हे काढलं तर ‘तेव्हाची गोष्ट वेगळी होती’ म्हणा आणि विषय कापसाच्या भावावर न्या. जोड आकड्याचे सिनेमे चांगले आणि विजोड वाईट, हा जुना नियमही पुरून ठेवा. दहावा, म्हणजे 2002 चा, आपटला आणि हा अकरावा तुफान चालला.

खरं संकट लेनर्ड निमॉय, जुन्या मालिकेतला स्पॉक. नव्या सिनेमात तो स्वतः आहे, म्हाताऱ्या स्पॉकच्या वेशात, आणि नव्या पोरांना आशीर्वाद देऊन जातो. त्यातून आणखी पंचाईत अशी की सिनेमानं जुनं काही पुसलंच नाही. 2387 मधला खलनायक निरो 2233 मध्ये येऊन पडतो, तिथून काळाला दुसरा फाटा फुटतो. जुने 79 भाग जिथल्या तिथे. म्हणजे तुमच्या नाराजीचा पायाच निर्मात्यांनी पटकथेत काढून घेतला. कॉलेजात शिकणारा पुतण्या नेमका इथेच बोट ठेवतो.

“पण काकाजी, काळच बदलला तर चेकोव्हचा जन्म अगोदर नाही होऊ शकत का?”

“तुले काय समजते बे त्यातलं?”

“सांगा ना मंग.”

इथे चहा मागवायचा. साखर जास्त म्हणून सांगायचं, मग जास्त झाली म्हणून परत करायचा. तेवढ्या वेळात पुतण्याला फोन येतो.

तुम्हाला एक अस्सल मुद्दाही उपलब्ध आहे, पण तो वापरण्यात धोका आहे. खान नूनियन सिंग हा 1967 च्या मूळ भागात उत्तर हिंदुस्थानातला, बहुधा शीख, असा अंदाज त्यातच सांगितलाय. 2013 च्या सिनेमात तो बेनेडिक्ट कंबरबॅच झाला, गोरापान इंग्रज. यावर चिडायला चाहता असण्याचीही गरज नाही. अडचण अशी की समोरचा लगेच “हाव, हे बरोबर हाय” म्हणतो आणि भांडण तिथेच संपतं. दुसरी अडचण, साठच्या दशकातला तुमचा लाडका खान मेक्सिकोचा रिकार्डो माँतालबान होता, त्याच्यावर तुम्ही चिडला नव्हता. हा विषय निघालाच तर पर्सिस खंबाटाकडे वळा. 1965 ची मिस इंडिया, 1979 च्या सिनेमात डोकं भादरून उभी राहिली. “आपल्या पोरीनं केसं देल्ले या सिनेमासाठी,” असं म्हटलं की म्हातारी मंडळी तुमच्या बाजूनं होतात. सिनेमा कोणता, हे त्यांनी विचारलेलं ऐकिवात नाही.

2016 नंतर या नव्या मंडळींचा चौथा सिनेमा आलेला नाही. घोषणा झाल्या, बारगळल्या. तुमच्या कामात त्यानं खंड पडू देऊ नका. आधी “काढला काहून?” म्हणायचात, आता “काढत काहून नाहीत?” म्हणा. चेहरा बदलायची गरज नाही.

शेवटी त्या पोराचं काय करायचं तेवढं सांगतो. प्रत्येक गावात एक असतं. त्याला 2009 चा सिनेमा आवडलेला असतो आणि ते तुमच्या दारात येऊन विचारतं, “काका, जुनी मालिका तुमच्याजवळ हाय म्हणे?” पेनड्राइव्ह नाही म्हणू नका, लोक काय म्हणतील. फक्त पहिला हंगाम देऊ नका. तिसऱ्या हंगामाचा पहिला भाग द्या, सप्टेंबर 1968 चा. त्यात एक बाई येऊन स्पॉकचा मेंदू काढून नेते आणि बाकीचे त्याचं शरीर रिमोटनं चालवत मेंदू शोधत फिरतात. बहुतेक पोरं तिथेच परत जातात. हे टिकलं तर 1979 चा सिनेमा द्या, 132 मिनिटं, त्यातली बरीचशी लोक खिडकीतून ढगाकडे बघण्यात जातात. त्यातही ते जागं राहिलं, आणि सकाळी येऊन ढगाबद्दलच प्रश्न विचारायला लागलं, तर इलाज नाही. त्याला ओट्यावर बसवून घ्या. कट चहाचे पैसे मात्र त्यालाच द्यायला लावा.